पडद्याची खालची पट्टी

गेवराईला मी गेले ते एका साध्या कामासाठी. पडदा बघायचा, दिवा बघायचा, फिल्म पडद्यावर कशी पडते ते तपासायचं आणि संध्याकाळपर्यंत पुण्याला एक शब्द कळवायचा. पास किंवा नापास. दुपारची वेळ होती, बाहेर ऊन रणरणत होतं, हायवेवर ट्रक धडधडत होते. भीती वाटावी असं त्या दिवसात काहीही नव्हतं. म्हणूनच सगळं नीट सुरुवातीपासून सांगते.

मी राजनंदिनी. गाव केज. पुण्यात फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं. घरच्यांना वाटलं, पोरगी कॉलेजात शिकवेल. मी थिएटरांचे पडदे तपासायला लागले. जुने सिनेमे जपणारी एक संस्था आहे. त्यांनी सत्तर एमएमचा एक जुना संगीतपट दुरुस्त करून त्याची नवी प्रिंट काढली होती. सत्तर एमएम म्हणजे नेहमीच्या दुप्पट रुंदीची फिल्म. नीट दाखवली तर पडद्यावरच्या बाईच्या कपाळावरचा घामाचा थेंबही ओला दिसतो. ही प्रिंट मराठवाड्यात एकाच टॉकीजला मिळणार होती आणि ते टॉकीज कोणतं, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं.

आमच्या सरांनी आधीच नाक मुरडलं होतं. "बीड जिल्हा? अगं, तिथं मशीनवर कोंबड्या बसत असतील. उगाच भावनेच्या भरात पास करू नकोस."

"भावनेच्या भरात मी कुणालाच पास करत नाही, सर," मी म्हणाले. "तुम्हालाही केलं नसतं."

पण मला ते टॉकीज पास व्हायला हवं होतं. मनापासून हवं होतं. चांगला पडदा बघायचा तर गाव सोडावं लागतं, हे आमच्या जिल्ह्यातल्या पोरांच्या डोक्यात जन्मापासून बसलेलं असतं. ते एकदा तरी खोटं पाडायचं होतं. आणि खोटा शेरा मारून नाही, खरा पडदा दाखवून.

चंद्रज्योत टॉकीज बाजाराच्या मागच्या अंगाला. मालक सुंदरराव दारातच खुर्ची टाकून बसले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, बोटात अंगठ्या. एकेकाळी पंचायत समितीत होते आणि अजून तिथंच असल्यासारखे बोलत.

"एवढीशी पोरगी धाडली व्हय पुण्यानं?"

"पुण्यानं नाही, काका. मी केजची. आणि एवढीशी नाही."

"बरं बरं. चहा घे, सही कर अन् जा. पडदा झकास हाय आमचा. तपासायचं काय त्यात?"

"झकास आहे की नाही, तेच."

ते हसले. वडीलधारी माणसं हसतात तसं, म्हणजे आपण बोललोच नाही असं. मी चहा घेतला नाही. सरळ आत गेले.

दार मागं लोटलं गेलं आणि बाजाराचा आवाज कापून टाकल्यासारखा थांबला. आत गारवा होता. दमट रेक्झिन, विझलेल्या बिड्या, वटवाघळांची विष्ठा आणि या सगळ्याच्या तळाशी मोगऱ्याच्या वाळक्या गजऱ्यासारखा एक वास. टॉकीज कित्येक महिने बंद होतं. खुर्च्यांच्या रांगा अंधारात उतरत उतरत पडद्यापर्यंत गेल्या होत्या. पडदा मात्र प्रचंड. किंचित आत वळलेला, ओंजळीसारखा. असा पडदा मी मोठ्या शहरांतही फारसा पाहिलेला नव्हता.

वर मशीनच्या खोलीत शफीभाई होते. पन्नाशीचा माणूस. त्यांचे वडीलही इथंच ऑपरेटर होते. दोन मोठाली मशीनं त्यांनी अशी पुसून ठेवली होती की त्यांत माझा चेहरा दिसला. लेन्सपुढं उदबत्ती लावलेली होती.

"धूर लेन्सवर बसतो, शफीभाई."

"न्हाई बसत ताई, पंखा हाय." मग ते म्हणाले, "उदबत्ती मशीनसाठी न्हाईच ती."

कुणासाठी, ते मी विचारलं नाही. असल्या गोष्टी विचारल्या की माणसं तासभर सांगत बसतात.

चाचणीची फिल्म मी सोबत आणली होती. तिच्यावर नुसत्या रेघा असतात, आणि चौकटीच्या चारही कडांना टोकदार बाण. बाणाचं टोक पडद्याच्या कडेला टेकलं, म्हणजे चित्र पूर्ण पडलं. मी खाली हॉलच्या मधोमध जाऊन बसले आणि हात वर केला. मशीन घरघरलं. पडद्यावर रेघा उमटल्या.

चित्र हलत नव्हतं. जुन्या मशीनवर चित्र थोडं तरी थरथरतं, वर-खाली डुलतं. इथं भिंतीत खिळा ठोकावा तशी रेघ उभी होती. मधला भाग धारदार, कोपरेही तितकेच. मीटर घेऊन मी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेड मोजत गेले. मधे आणि कडेला फरक असतो, पण तो इतका कमी मी कधी मोजला नव्हता. मला ओरडावंसं वाटलं. सरांना फोन लावून ऐकवावंसं वाटलं, ऐका, कोंबड्या बसल्यात!

आणि मग मी खाली पाहिलं. वरचे बाण जागेवर होते. डावे, उजवे जागेवर होते. खालचे बाणच नव्हते.

पडद्याच्या तळाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुरुषभर उंचीची जाड काळ्या कापडाची पट्टी शिवलेली होती. चित्राचा खालचा सगळा भाग त्या काळ्यात बुडत होता.

सुंदरराव तेवढ्यात आत आले होते. मी विचारलं, "काका, ही पट्टी कशाला?"

"ती ऱ्हाऊ दे."

"चित्र कापलं जातंय. संगीतपट आहे. नाचणाऱ्या बाईचे पायच दिसणार नाहीत."

"चाळीस वर्सं झाली. या गावानं कुठल्याच पिच्चरमधी पाय बघितले न्हाईत. कुनाचं काय अडलं?"

"पट्टी काढावी लागेल."

"न्हाई निघायची."

"कावून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"कावून म्हंजे कावून! जुन्या मानसांनी लावली ती इचार करूनच लावली आसंल ना?"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. जन्मभर ऐकत आले. जुन्या माणसांनी विचार करून केलं, म्हणून तुम्ही विचार करू नका. मी म्हणाले, "तर मग नापास. आत्ता कळवते."

सुंदररावांचा चेहरा उतरला. टॉकीज पाडून तिथं मंगल कार्यालय बांधायचं त्यांच्या पोरांनी ठरवलेलं होतं, हे मला शफीभाईंनी वर मशीनच्या खोलीतच सांगितलं होतं. ही प्रिंट आली तरच टॉकीज राहणार होतं. म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली आणि बाहेर निघून गेला. दारातून उजेडाची एक फट आली आणि मिटली.

मी पडद्याजवळ गेले, पट्टीचं टोक धरलं आणि ओढलं.

शिवण जुनी होती. टरकन् फाटत गेली. धुळीचा लोट उठला आणि त्या मोगऱ्याचा वास एकदम इतका दाट झाला की मला ठसका लागला. खालचा पडदा उघडा पडला. पांढरा शुभ्र. चाळीस वर्षं उजेड न लागलेला.

"ताई..." वरून शफीभाईंचा आवाज आला. मशीनच्या खिडकीतून त्यांचा चेहरा दिसत नव्हता. "ताई, पट्टी काढली व्हय तुमी?"

"काढली. आता फिल्म उतरवा आणि नुसता दिवा सोडा. पूर्ण पांढरा. खालचा उजेड मोजायचाय."

पंखा फिरत राहिला, दिवा आला नाही.

"शफीभाई?"

"सोडतो. पन तुमी... मागं बघू नका."

पडदा पांढरा झाला. फिल्म नाही, चित्र नाही, नुसता लख्ख उजेड. आवाज फक्त मशीनच्या पंख्याचा. मी मीटर हातात घेऊन उभी होते, आणि पडद्याच्या तळाशी, मधोमध, काहीतरी वर आलं.

आधी वाटलं, लेन्सवर केस आलाय. मग ते गोल झालं. करडं, मोठं, कडा पुसट असलेलं. एक डोकं. डोक्यावरून पदर. खांदे. एवढंच, आणि ते स्थिर राहिलं.

सावलीचं गणित सोपं असतं. दिव्याजवळ उभं राहिलात तर सावली मोठी आणि पुसट. पडद्याजवळ गेलात तर लहान आणि रेखीव. पडद्याला चिकटून उभं राहिलात तर बरोबर तुमच्याएवढी. मी घाबरले होते, पण डोकं सवयीनं हिशेब करत होतं. ही सावली माणसाच्या डोक्याच्या कितीतरी पट होती. म्हणजे डोकं पडद्यापासून फार लांब आणि दिव्याला बरंच जवळ. म्हणजे बाल्कनी. बाल्कनीची पहिली रांग.

मी मागं बघितलं.

उजेडाचा झोत बाल्कनीवरून तिरपा येत होता. त्यात धूळ तरंगत होती. आणि एका जागी, झोताच्या अगदी खालच्या कडेला, धूळ तरंगत नव्हती. तिथं जागाच रिकामी होती. डोक्याएवढी.

पळावं असं वाटलं. खोटं कशाला बोलू? दार समोरच, बाल्कनीच्या खाली होतं. पण पळाले असते तर सुंदरराव उद्या चावडीवर सांगणार, पुण्याची शिकलेली पोरगी शेपूट घालून पळाली. तो विचार भीतीपेक्षा जास्त बोचला. मी जिना चढले.

बाल्कनीच्या दारावर रंग उडालेली अक्षरं होती. 'जनाना'. आमच्या भागात जुन्या टॉकीजांत बायकांची जागा अशी वेगळीच असायची. मी आत गेले. पहिली रांग रिकामी होती. सगळ्याच रिकाम्या होत्या. मी हळूहळू पुढं गेले, आणि मग मला भिंत दिसली. खालून ती साधा कठडा वाटली होती. इथून ती माझ्या गळ्यापर्यंत येत होती. जुन्या कठड्यावर कुणीतरी मागाहून विटा चढवल्या होत्या.

मी खुर्चीत बसून पाहिलं. भिंत दिसली. भिंतीच्या वर पडद्याची वरची किनार दिसली, बस्स. मी उभी राहिले. अर्धा पडदा दिसला. मग मी ते केलं, जे त्या जागी कुठलीही बाई करेल. खुर्चीवर चढले.

आता सगळा पडदा दिसत होता. आणि पडद्यावर माझ्या डोक्याची सावली होती.

तिच्या शेजारी ती दुसरी. खांद्याला खांदा लावून. दोघी पिच्चर बघायला आल्यासारख्या.

माझ्या डाव्या दंडावर गारवा आला. कुणी श्वास घेत नव्हतं, पण श्वास रोखून धरल्यासारखं वाटत होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला काही दिसत नव्हतं, आणि पूर्ण मान वळवायची माझी हिंमत नव्हती.

"तुम्हाला... दिसत नव्हतं ना?" मी कसंबसं म्हणाले. "खाली बसून काहीच दिसत नव्हतं. म्हणून चढलात..."

सावलीचं डोकं हललं. वर. खाली. एकदाच.

आणि तिथं, सांगते, माझी भीती गेली. तिच्या जागी संताप आला. चाळीस वर्षं ही बाई एका पिच्चरसाठी खुर्चीवर उभी होती, आणि या गावानं काय केलं? तिची सावली दिसू नये म्हणून सगळ्यांच्या पिच्चरचे पाय कापले. भिंत तशीच ठेवली!

खाली आले तेव्हा शफीभाईंनी त्यांच्या आईला बोलावून आणलं होतं. रहेमतबी. टॉकीज चालू होतं तेव्हा जनान्याच्या दारावर तिकिटं फाडायला त्याच असायच्या. ऐंशीच्या आसपासचं वय, पण आवाज तिखट.

"दिसली का?" त्यांनी विचारलं.

"दिसल्या. कोण होत्या त्या, मावशी?"

"छबुबाई. लिंबागणेशची. दर शुक्करवारी यायची. मालकाच्या बापाला कुनीतरी सांगितलं, खालची पोरं मागं वळून बायकांकडं बघत्यात. तर पोरांचे कान पिळायचे का न्हाई? भिंत चढवली! बायका बसल्या भिंतीकडं तोंड करून. छबू म्हनली, रहेमत, मी पैसे पिच्चरचे दिलेत, इटांचे न्हाई. अन् चढली खुर्चीवर."

"मग?"

"मग काय... पडद्यावर सावली पडली. खालून वरडले समदे, ए खाली बस! खाली बस गं! ती दचकली, खुर्ची कलांडली..." रहेमतबींनी हाताची मूठ उघडली. तिच्यातून काहीतरी पडून गेल्यासारखी. "भिंतीवरून खाली. फुडच्या शुक्करवारी पुन्यांदा सावली. मेल्यावर बी लोक वरडायचे, खाली बस."

तेवढ्यात सुंदरराव दोन गडी घेऊन आत आले. एकाच्या हातात काळ्या कापडाचा तागा होता.

"पट्टी शिवून टाका रे."

"काका, पट्टी शिवली तर नापास," मी म्हणाले. "आणि भिंत ठेवलीत तरी नापास. अर्ध्या लोकांना पडदा दिसतच नसेल, तर त्या पडद्याची तपासणी कसली? भिंत पाडा."

"भिंत? अगं, बायका दिसत्याल समद्यांना!"

"दिसू द्या. बायकाच आहेत, वाघ नाहीत."

"मोठ्या मानसांशी बोलायची रीत हाय का काही? माझ्या बापानं बांधलेली भिंत हाय ती!"

"बापानं बांधली म्हणून काय देवळाची झाली?"

गडी खाली बघत होते. सुंदरराव लाल झाले होते. त्यांनी बोट उगारलं, आणि रहेमतबी मधे आल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मालक, त्या दिवशी पयला आवाज कुनाचा व्हता, ते सांगा की हिला."

पडद्यावरची सावली जागची हलली नव्हती, पण मला वाटलं, तीही ऐकतेय.

सुंदररावांचं बोट खाली आलं. ते जवळच्या खुर्चीत बसले, आणि त्यांना बसताना बघून मला पहिल्यांदा कळलं की माणूस किती म्हातारा आहे.

"आमी पोरं व्हतो," ते म्हणाले. "मस्करी केली... मस्करीच व्हती ती."

त्यांनी पडद्याकडं न बघता हात हलवला. "पाडा."

गडी जागचे हलेनात. तिच्या जागेवर घण कोण मारणार? "आन् खवळली तर?" त्यातला एक कुजबुजला.

"काय मर्द हायेत!" रहेमतबी म्हणाल्या. "सरा तिकडं." त्यांनी माझा हात धरला, आणि आम्ही दोघी वर गेलो. मशीनच्या खोलीतला घण मी उचलला, पण पहिला घाव त्यांना घालायचा होता. मी त्यांच्या हाताखाली हात धरला. "छबू, बाजूला हो गं जरा," त्या म्हणाल्या, शेजारणीला सांगावं तसं. धाडकन् आवाज झाला. वीट सुटली, खाली हॉलमधे पडली. दुसरी. तिसरी. माझे तळवे सोलले, डोळ्यांत चुना गेला, आणि मी हसत होते. नंतर शफीभाई आले, शेवटी लाजेनं गडीही आले. जुना, मांडीएवढा कठडा मोकळा झाला तेव्हा बाल्कनीत वारा आला. कुठून आला, माहीत नाही. दारं बंद होती.

मी खाली पळाले. दिवा चालूच होता. पडद्यावर ती होती. आता भिंत नव्हती, तरी तशीच उभी.

मी हॉलच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "आता दिसतं, छबुबाई. बसून दिसतं."

सावली थोडा वेळ थांबली. मग खांदे आधी बुडाले, मग डोकं. संपूर्ण पडदा पांढरा झाला, डागाशिवाय. वर बाल्कनीत एका खुर्चीनं कुरकुर केली, आणि शांत झाली.

मी चाचणीची फिल्म पुन्हा लावायला सांगितली. चारही बाजूंचे बाण पडद्याच्या कडेला टेकले. मी पुण्याला फोन लावला.

"पास," मी म्हणाले.

"नक्की? कोंबड्या?"

"सर, मी आजवर तपासलेला सगळ्यात चांगला पडदा आहे हा. लिहून घ्या."

प्रिंट आली त्या रविवारी दुपारच्या खेळाला बाजार बंद पडल्यासारखा झाला. जीपा भरभरून लोक आले. माजलगावाकडून आले, केजहून माझी सगळी गल्ली आली. लिंबागणेशच्या बायकांनी तर अख्खा टेम्पो केला होता. सर स्वतः पुण्याहून आले. त्यांना खाली बसवलं. बाल्कनीत आम्ही बायका. मी पहिल्या रांगेत, शेजारी रहेमतबी.

अंधार झाला, आणि पडदा उघडला. काय सांगू? वाळवंट आलं तर हॉलला तहान लागली. घोडे आले तर पुढच्या रांगेनं पाय वर घेतले. मग ती नाचायला उभी राहिली. पायांत चाळ, टाचांना आळता, आणि त्या पायांखालची फरशीसुद्धा दिसत होती, तिच्यावरची भेग दिसत होती. खालून एक म्हातारा ओरडला, "आरं, पाय हायेत की हिला!" सगळं टॉकीज हसलं. बाल्कनीतून पहिली शिट्टी वाजली, ती एका आजीबाईंची होती. मागं वळून बघायला कुणाला सवड नव्हती.

खेळ संपला. शेवटची फिल्म निघून गेली आणि शफीभाईंनी दिवा तसाच ठेवला, टाळ्यांसाठी. पडदा पांढरा झाला. लोक टाळ्या वाजवत होते, खाली सर उभे राहून वाजवत होते. मी रडत होते की हसत होते, आठवत नाही. आम्ही जिंकलो होतो.

तेव्हा पडद्याच्या तळातून ते डोकं वर आलं.

टाळ्या चालूच राहिल्या. लोकांना वाटलं, सिनेमातलंच काहीतरी आहे. "उठली," मी रहेमतबींच्या कानात म्हणाले.

"जाऊ दे तिला. पिच्चर संपला. घरला चालली."

पण ती दाराकडं गेली नाही. सावली लहान होऊ लागली. लहान, आणि रेखीव. म्हणजे ती बाल्कनीतून पुढं निघाली होती. खालच्या खुर्च्यांच्या वरून, जिथं पाय ठेवायला काही नाही, तिथून. डोकं, मग कंबर, मग लुगड्याचा घोळ, मग पाऊल. अगदी सावकाश, चालण्याच्या लयीत. पुढच्या रांगांवरून गेली तेव्हा तिथल्या लोकांनी माना खाली घातल्या, का ते त्यांनाही ठाऊक नसावं. शेवटी ती बाईएवढी झाली. पदराचा काठसुद्धा मोजता यावा इतकी धारदार. म्हणजे आता ती पडद्याला टेकून उभी होती.

इथं थांबायला हवं होतं. सावली याहून लहान होऊ शकत नाही. पडद्याच्या मागं आवाजाच्या कर्ण्यांची फळी आहे आणि त्यामागं भिंत. मी स्वतः हात लावून पाहिलेली.

ती लहान होत राहिली.

बाईएवढी. मुलीएवढी. बाहुलीएवढी. प्रत्येक पावलाला लहान, आणि जराही पुसट नाही. त्या पांढऱ्यात आत, आत चाललेली. मला भीती वाटत होती, पण आनंदही होता. जा, बाई. जा. कुणी खाली बस म्हणणार नाही.

मग ती थांबली. इतक्या लांबून, इतकी लहान. तिनं हात वर केला. निरोपाला नाही. मागं राहिलेल्या सोबतिणीला बोलवावं, तसा.

आणि पडद्याच्या तळातून, आमच्या बाजूनं, दुसरं डोकं वर येऊ लागलं. मोठं. पुसट. पहिल्या रांगेतलं.

मी डावीकडं पाहिलं. उजवीकडं पाहिलं. रांगेतल्या सगळ्या बायका बसलेल्या होत्या. मीही बसलेली होते.

जनान्याच्या दारानं आत आलेली प्रत्येक बाई रहेमतबींना नुसत्या डोक्यावरच्या पदरावरून ओळखू यायची, आणि आजची तिकिटंही त्यांनीच फाडली होती. त्यांनी डोळे बारीक करून त्या सावलीकडं बराच वेळ पाहिलं. मग माझं मनगट घट्ट धरलं. टाळ्यांच्या कडकडाटात त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"पोरी... ही माझ्या दारातनं आत आलेली न्हाई. ना आज, ना कंदी."